पाठवलेल्या एसएमएसचा चोख हिशोब कसा ठेवायचा

व्हॉट्सअॅप असताना एसएमएस कोण पाठवतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या बचत गटाच्या सचिवताईंना विचारावं. गटात वीस जणी, त्यातल्या सात-आठ जणींकडे बटणांचा साधा फोन, दोघी-तिघींचा नेटपॅक कायम संपलेला. बैठकीची वेळ बदलली की सगळ्यांपर्यंत पोचणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे एसएमएस. पाणीवापर संस्था, दूध डेअरी, भजनी मंडळ, जुन्या चाळीची सोसायटी, सगळीकडे हेच चित्र आहे. आणि सगळीकडे तक्रारीही त्याच दोन: ‘मला मेसेज आलाच नाही’ आणि ‘रोजचे शंभर फ्री असताना पैसे कसे कापले?’

दोन्हींचं उत्तर तुमच्या फोनमध्येच असतं. फक्त ते नीट मोजायला शिकावं लागतं. हा लेख त्यासाठीच आहे, आणि सोयीसाठी आपण बचत गटाचंच उदाहरण शेवटपर्यंत धरू.

काय मोजताय ते आधी ठरवा

मेसेजेस अॅपमध्ये तुम्ही बाण दाबता तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकामागून एक घडतात. फोन तो मेसेज नेटवर्ककडे देतो. तिथे कंपनीचं संदेश केंद्र तो स्वीकारतो आणि स्वतःकडे ठेवतो. मग समोरचा फोन चालू आणि रेंजमध्ये सापडला की केंद्र तो तिकडे उतरवतं. अॅप ‘सेंट’ म्हणतं ते दुसऱ्या टप्प्याच्या जोरावर. म्हणजे केंद्राने घेतला, एवढंच. तुमचे पैसे किंवा कोटा इथेच कापला जातो. समोरच्या ताईंचा फोन बंद असला तरी कापला जातो.

म्हणून हिशोबाचे दोन वेगळे रकाने लागतात. ‘किती गेले’ हा कोट्याचा हिशोब आणि ‘किती पोचले’ हा निरोपाचा हिशोब. बहुतेक गोंधळ हे दोन्ही एकाच आकड्यात कोंबल्यामुळे होतो.

एक मेसेज म्हणजे नेहमी एक नसतो

सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या, कारण मराठीत लिहिणाऱ्याला इथेच फटका बसतो.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात (एक बाइट म्हणजे आठ बिट). ही मर्यादा १९८०च्या दशकात एसएमएसचं मानक ठरलं तेव्हापासूनची आहे. रोमन अक्षरांना प्रत्येकी सात बिट लागतात, त्यामुळे १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हासाठी सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. मजकूर त्याहून लांब झाला की फोन त्याचे तुकडे करतो, आणि समोरच्या फोनला ते जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यात थोडी जागा खुणेसाठी राखतो. मग तुकडा रोमनमध्ये १५३ चा होतो आणि देवनागरीत ६७ चा. वाचणाऱ्याला तो एकच सलग मेसेज दिसतो, तुमच्या अॅपमध्येही एकच फुगा दिसतो. कंपनी मात्र तुकडे मोजते.

आणि ‘७० चिन्हं’ म्हणजे आपण शाळेत मोजायचो ती अक्षरं नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, रिकामी जागा, पूर्णविराम, सगळं एकेक. ‘हप्ता’ वाचताना दोन अक्षरी शब्द, पण फोनला तो ह, प, हलन्त, त, काना असा पाच चिन्हांचा दिसतो. ‘क्ष’ एकटा तीन खातो.

आता हा मेसेज पाहा:

मासिक बैठक रविवारी सकाळी १० वाजता. हप्ता सोबत आणावा. ठिकाण: समाजमंदिर.

मोजून बघा, बरोबर ७० चिन्हं होतात. एक एसएमएस. आता आपल्या स्वभावाप्रमाणे सुरुवातीला ‘नमस्कार.’ आणि एक मोकळी जागा घाला. नऊ चिन्हं वाढली, एकूण ७९, आणि मेसेज दोन तुकड्यांचा झाला. वीस जणींना पाठवला तर वीसऐवजी चाळीस. त्याच दिवशी वेळ बदलल्याचा तेवढाच एक आणि संध्याकाळी आठवणीचा एक पाठवलात की अॅपमध्ये साठ मेसेज दिसतील आणि कंपनीच्या खात्यात १२०. शंभराचा कोटा कुठे गेला ते असं कळतं. नमस्कार करू नका असं मी म्हणणार नाही, पण तो बैठकीत करावा.

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांनीही गाफील राहू नये. अख्खा मेसेज रोमनमध्ये आणि मध्येच रुपयाचं नवं चिन्ह ‘₹’ आलं, तर ते जुन्या सात-बिटी संचात नाही, म्हणून पूर्ण मेसेजच सोळा बिटांत जातो आणि १६० ची मर्यादा ७० वर येते. इमोजीचंही तसंच, शिवाय बहुतेक इमोजी प्रत्येकी दोन चिन्हांची जागा घेतात. दुसरीकडून कॉपी केलेल्या मजकुरात वळणदार अवतरणचिन्हं आली तरी हेच होतं. चौकटी कंस आणि महिरपी कंस सात-बिटी संचात चालतात, पण दोन जागा घेतात. थोडक्यात, रोमनमध्ये रक्कम लिहिताना चिन्ह न वापरता ‘रु.’ची रोमन अक्षरं टाकावीत.

काही अॅपमध्ये लिहिताना पाठवायच्या बटणाजवळ ‘१२/२’ सारखा आकडा दिसतो. त्याचा अर्थ तुम्ही दुसऱ्या तुकड्यात आहात आणि त्यात बारा चिन्हांची जागा उरली आहे. आयफोनमध्ये मेसेजेसच्या सेटिंगमध्ये ‘कॅरेक्टर काउंट’ चालू केला की असाच मोजणारा आकडा मिळतो. सॅमसंगच्या मेसेजेस अॅपमध्ये ‘इनपुट मोड’ नावाची सेटिंग असते. मराठीत लिहिणार असाल तर ती ‘ऑटोमॅटिक’वरच ठेवा. ‘जीएसएम’ अक्षरसंचावर, म्हणजे त्याच जुन्या सात-बिटी संचावर ठेवली तर देवनागरीचा बट्ट्याबोळ होतो.

फोनमध्ये एकदाच करायच्या गोष्टी

मेनूची नावं फोन आणि आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात, पण शोधायचं काय ते तेच राहतं.

१. गूगलच्या मेसेजेस अॅपमध्ये सेटिंगमधल्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये एसएमएस डिलिव्हरी रिपोर्ट चालू करा. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी ही सेटिंग वेगळी असू शकते, तेव्हा दोन्हीकडे बघा. सॅमसंगच्या अॅपमध्ये ही ‘मोअर सेटिंग्ज’मध्ये, टेक्स्ट मेसेजखाली सापडते. आयफोनमध्ये साध्या एसएमएससाठी ही सोयच नाही. तिथे ‘डिलिव्हर्ड’ दिसतं ते निळ्या फुग्यातल्या आयमेसेजला. हिरव्या फुग्यातल्या एसएमएसवर ते येत नाही म्हणून घाबरू नका.

२. त्याच ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ग्रुप मेसेजिंगचा पर्याय बघा. एक पर्याय सगळ्यांना वेगवेगळा एसएमएस पाठवतो, दुसरा सगळ्यांचा मिळून ग्रुप एमएमएस करतो. आपल्याला पहिला हवा. एमएमएस हा वेगळा प्रकार, त्याचा दर वेगळा, आणि साध्या फोनवर तो दिसेलच याची खात्री नाही.

३. आरसीएस चॅटचं, म्हणजे याच अॅपमधून नेटवरून जाणाऱ्या मेसेजचं, काय करायचं ते ठरवा. दोन्हीकडे आरसीएस आणि नेट चालू असेल तर तोच बाण दाबल्यावर मेसेज नेटवरून जातो, एसएमएस म्हणून नाही. तो कोट्यातून जात नाही, म्हणून तुमच्या मोजणीतही धरायचा नाही. लिहायच्या चौकटीत ‘आरसीएस’ लिहिलंय की ‘टेक्स्ट’, यावरून लगेच कळतं. अडचण होते ती ‘न पोचल्यास एसएमएसने पुन्हा पाठवा’ हा पर्याय चालू असेल तर. मग आरसीएस म्हणून निघालेला मेसेज नंतर गुपचूप एसएमएस होऊन जातो. हिशोब काटेकोर ठेवायचा असेल तर हा पर्याय बंद ठेवलेला बरा, आणि न पोचलेल्या दोघी-तिघींना आपणच पाठवावं. आयफोनवाल्यांनी ‘सेंड अॅज टेक्स्ट मेसेज’ याच कारणासाठी बघावं.

४. दोन सिम असतील तर गटाचे निरोप कायम एकाच सिमवरून पाठवायचं ठरवा आणि त्या सिमला अॅपमध्ये ठरलेलं सिम करा. सचिवताईंचं घरचं सिम आणि गटाचं सिम यांची सरमिसळ झाली की महिनाअखेर कुठल्या सिमवरून काय गेलं ते उलगडणं फार कंटाळवाणं होतं.

प्ले स्टोअरवर किंवा त्याबाहेर ‘एसएमएस काउंटर’ नावाची अॅप्स दिसतील. त्यांच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. मेसेज मोजायला अॅपला मेसेज वाचायची परवानगी लागते, आणि त्याच परवानगीने बँकेचा ओटीपीही वाचता येतो. याच धोक्यापायी गूगलने २०१९ पासून प्ले स्टोअरवर एसएमएस वाचणाऱ्या अॅप्सवर कडक बंधनं आणली. कुणी लिंकने एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय अॅप बसवणारी फाइल) पाठवून ‘हे टाका, मोजणी आपोआप होते’ म्हणालं, तर सरळ नकार द्या.

पोच आली, याचा अर्थ किती घ्यायचा

डिलिव्हरी रिपोर्ट ही रजिस्टर टपालाच्या पोचपावतीसारखी आहे. पाकीट घरात गेलं एवढं कळतं, कुणी फोडलं का ते नाही. समोरच्याने तुमचा नंबर ब्लॉक केलेला असला किंवा त्याच्या फोनने तुमचा मेसेज स्पॅममध्ये टाकला, तरी नेटवर्कच्या दृष्टीने तो फोनवर उतरलेला असतो आणि तुम्हाला ‘पोचला’ असंच दिसतं. तेव्हा ‘पोच आहे म्हणजे तुम्ही वाचलंच होतं’ असं बैठकीत कुणाला सुनावायला जाऊ नका.

उलटंही होतं. पोच आली नाही म्हणजे मेसेज गेला नाही असं नाही. फोन बंद असेल तर मेसेज केंद्रात थांबून राहतो आणि मुदतीत फोन चालू झाला तर पोचतो. काही वेळा मेसेज पोचतो, पण पोच परत येत नाही. साध्या फोनच्या बाबतीत आणखी एक खास कारण असतं, ते म्हणजे इनबॉक्स भरलेला असणं. त्या फोनमध्ये मोजकेच मेसेज मावतात, आणि कंपनीच्या ऑफरींनी ते खच्चून भरलेले असतात. जागा मोकळी होईपर्यंत नवा मेसेज बाहेरच ताटकळतो. सतत पोच न येणाऱ्या ताईंचा फोन एकदा हातात घ्या, जुने मेसेज उडवून द्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

रोजची वही

फोनमध्ये सगळं असतंच, मग वही कशाला, असं वाटेल. पण दिवसभराचा कोटा सांभाळायला वहीइतकं सोपं काही नाही. पाच रकाने पुरतात: तारीख आणि वेळ, निरोपाचा विषय, तुकडे, किती जणींना, आणि दोन्हींचा गुणाकार. निरोप पाठवायच्या आधी गुणाकार करा आणि दिवसाच्या बेरजेत मिळवा. बेरीज नव्वदच्या पुढे जाताना दिसली की उरलेला निरोप उद्यावर टाका. गूगलच्या अॅपमध्ये बाण दाबून धरला की वेळ लावून पाठवता येतो. ज्या प्लॅनमध्ये रोजचा कोटा मध्यरात्री बदलतो तिथे सकाळी सातची वेळ लावून ठेवायची. त्या वेळी फोन चालू आणि रेंजमध्ये हवा, एवढंच.

शंभर हाच आकडा बहुतेक प्लॅनमध्ये का, याला जुना इतिहास आहे. जाहिरातींच्या मेसेजना आळा घालायला ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली होती. ती पुढे दोनशे झाली, मग २०१२ मध्ये शंभरानंतरच्या सवलती बंद करून प्रत्येकी किमान ५० पैसे दर आला आणि २०२० मध्ये तोही नियम गेला. नियम गेले, पण शंभराची सवय राहिली. मात्र सगळ्या प्लॅनना ती लागू नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नेट नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला सांगितलं. त्यानंतर आलेल्या प्लॅनमध्ये वर्षाला ३६०० एसएमएस, अशा पद्धतीने एकगठ्ठा कोटा दिलेला होता. सरासरी काढली तर दिवसाला दहासुद्धा पडत नाहीत. गटाच्या सिमवर असा प्लॅन असेल तर वहीत दिवसाची बेरीज नको, पहिल्या दिवसापासूनची चालू बेरीज ठेवा.

महिन्याचा पक्का हिशोब

महिन्यातून एकदा फोनमधली नोंद बाहेर काढून वहीशी ताडायची. अँड्रॉइडवर ‘एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर’ हे बऱ्याच वर्षांपासून वापरात असलेलं अॅप त्यासाठी चालतं. त्यात फक्त निवडक संवादांचा बॅकअप घेता येतो. गटातल्या जणींचे संवाद तेवढे निवडा, बँकेचे मेसेज त्यात येऊ देऊ नका. फाइल एक्सएमएल प्रकारची मिळते आणि संगणकावर एक्सेलमध्ये तक्ता म्हणून उघडते.

त्या तक्त्यात रकाने भरपूर असतात. कामाचे चारच.

‘टाइप’ या रकान्यात १ म्हणजे आलेला, २ म्हणजे पाठवलेला, ३ मसुदा, ४ बाहेर पडायच्या वाटेवर, ५ न गेलेला, ६ रांगेत. फिल्टर लावून फक्त २ ठेवा. नवखे लोक इथे फिल्टर न लावता सगळ्या ओळी मोजतात, आणि अर्धवट लिहून सोडलेले मसुदेसुद्धा ‘पाठवलेले’ होऊन बसतात.

‘स्टेटस’ हा पोचेचा रकाना. ० म्हणजे पोच मिळाली, ३२ म्हणजे अजून वाट बघतोय, ६४ म्हणजे पोचला नाही, आणि उणे १ म्हणजे पोच मागितलीच नव्हती. सगळीकडे उणे १ दिसलं तर वरची पहिली सेटिंग राहून गेली आहे.

‘डेट’मध्ये तेरा आकडी संख्या दिसेल. ती १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद आहेत, तेही ग्रिनिचच्या वेळेने. तिला ८६४००००० ने भागा, २५५६९ मिळवा, आणि भारतीय वेळेसाठी ५.५ भागिले २४ मिळवा. त्या रकान्याला तारखेचं रूप दिलं की वेळ दिसते. हे शेवटचं साडेपाच तासांचं मिळवणं विसरलं की पहाटे साडेपाचच्या आत गेलेले मेसेज आदल्या दिवसात जातात.

‘बॉडी’ म्हणजे मजकूर. त्यावर ‘लेन’ हा फॉर्म्युला लावा. तो काना-मात्रा धरूनच मोजतो, म्हणजे आपल्याला हवं तसंच. देवनागरी मजकुराची लांबी ७० किंवा कमी असेल तर एक तुकडा. जास्त असेल तर ६७ ने भागून पुढच्या पूर्ण संख्येपर्यंत न्या. आपला नमस्कारवाला मेसेज ७९ चा, म्हणजे ७९ भागिले ६७, एक पूर्णांक काहीतरी, म्हणून दोन. पूर्ण रोमन मजकुराला ७० आणि ६७ च्या जागी १६० आणि १५३. या रकान्याची बेरीज हाच तुमचा खरा ‘किती गेले’चा आकडा.

बॅकअप घेईपर्यंत काही डिलीट करू नका. अॅपमधून पुसलेला मेसेज या तक्त्यात येत नाही, कंपनीच्या नोंदीतून मात्र जात नाही.

तरीही आकडा जुळत नसेल तर

कंपनीच्या अॅपमध्ये उरलेला कोटा बघा आणि आपल्या बेरजेशी ताडा. दोन-चारचा फरक बहुतेक वेळा पुढच्यापैकी कशामुळे तरी असतो.

यूपीआय अॅप नव्याने सुरू करताना किंवा नवीन फोनवर घेताना नंबर पडताळायला तुमच्याच फोनवरून एक एसएमएस जातो. मेसेजेसमध्ये अनोळखी नंबरला पाठवलेला, अगम्य अक्षरांचा एक मेसेज दिसला तर तो बहुधा हाच. नुकतंच यूपीआय चालू केलं असेल तर घाबरायचं कारण नाही. काहीच केलं नसताना असा मेसेज गेलेला दिसला, तर मात्र फोनमध्ये नकोसं काही शिरलंय का ते लगेच तपासा आणि बँकेला कळवा. आयफोनवर आयमेसेज सुरू होताना तो परदेशी नंबरला एक एसएमएस पाठवतो. अॅपमध्ये तो दिसत नाही, आणि काही प्लॅनमध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय दराने पैसे लागतात.

लांब मेसेज ‘न गेलेला’ म्हणून लाल दिसला, तरी त्याचे काही तुकडे आधीच गेलेले असू शकतात. तुम्ही पुन्हा पाठवता तेव्हा सगळे तुकडे पुन्हा मोजले जातात. कमी रेंजमध्ये लांब मेसेज पाठवू नये, ते यासाठी. मध्यरात्रीच्या दोन-तीन मिनिटांतले मेसेजही फोनच्या आणि कंपनीच्या लेखी वेगवेगळ्या दिवसांत पडू शकतात.

पाठवणारा नंबर वैयक्तिक असताना त्यावरून क्लासच्या किंवा दुकानाच्या जाहिराती पाठवत असाल, तर इथे हिशोबाचा नव्हे, नियमाचा प्रश्न येतो. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश नोंदणी केलेल्या नावानेच जायला हवेत. लोकांनी १९०९ वर तक्रार केली तर नंबर बंदही होऊ शकतो. गटाच्या सभासदांना बैठकीचा निरोप हा वेगळा विषय आहे, पण त्याच मेसेजात पापड-लोणच्यांची जाहिरात घुसवू नका.

एवढं करूनही फरक मोठा असेल, तर कंपनीकडे तपशीलवार बिल मागा. पोस्टपेडला ते मिळतंच. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो आणि त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, असा ट्रायचा २०१२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तपशील हातात आला की त्यातली प्रत्येक ओळ तुमच्या तक्त्यातल्या तारीख-वेळेशी लावा. जिथे तुमच्याकडे एक ओळ आणि त्यांच्याकडे दोन दिसतील, तिथे आधी त्या मेसेजची लांबी बघा, तक्रार नंतर करा.